राब बंद करू नकोस, लहान कर

पत्र:

ताई, मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. वय २७. पाच वर्षं अंबडच्या एमआयडीसीत होतो, कंत्राट संपलं तसा घरी आलो. दीड एकर भाताची खाचरं आहेत, वर उताराला अडीच एकर वनपट्टा, म्हणजे वनहक्कात मिळालेली जमीन. बाबा दरवर्षी जंगलाच्या कडेच्या सादड्याचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप करायच्या वाफ्यावर पसरून जाळतात. झाडांचे नुसते खांब झालेत. मी मोबाइलवर होंडुरासचे व्हिडिओ पाहिले. तिथले शेतकरी जंगल न जाळता इंगा नावाच्या झाडांच्या ओळींमध्ये मका घेतात. बाबांना दाखवलं तर म्हणाले, ‘मग जा तिकडंच, मका खा.’ होळीला त्यावरून भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद आहे. आता राब भाजायची वेळ आली. वनरक्षक दोनदा दम देऊन गेला. सुरगाण्याचा मेहुणा म्हणतो, पट्ट्यावरची उरलीसुरली झाडं काढ आणि स्ट्रॉबेरी लाव. बाबांना कसं समजावू? इंगाचं बी कुठं मिळेल? मेहुण्याचं ऐकू का? नाव छापू नका.

उत्तर:

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि तोही बापाशी मोबाइल पुढे करूनच बोलतो.

आधी माझी फजिती सांगते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या गावांमध्ये शेतीचं विस्ताराचं काम मी नवीन सुरू केलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी भर बैठकीत सुनावलं, की राब म्हणजे झाडांची कत्तल, तुम्ही लोक जंगल खाताय. तो काही बोलला नाही. जुलैत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी मात्र त्यानं मला मुद्दाम शेतावर बोलावलं. दोन वाफे होते, एक राब भाजलेला, दुसरा तसाच नांगरून पेरलेला. म्हणाला, ‘बाई, रोप उपटा.’ भाजलेल्या वाफ्यातलं रोप मूठ धरली की अलगद आलं, पांढरी मुळं सगळी शाबूत. दुसऱ्या वाफ्यात मी ओढत बसले. निम्मी रोपं बुडाशी तुटली, बोटांच्या पेरांवर चिखल, कंबर मोडली आणि वर सावा हे तण नि भात वेगळं ओळखू येईना. तो हसलासुद्धा नाही. ‘आवणीला वीस बाया लावायच्या तर रोप असं सुटं आलं पाहिजे,’ एवढंच बोलला.

तेव्हापासून राबाला अडाणीपणा म्हणायचं मी सोडलं. राब चार कामं करतो. वरच्या थरातलं तणाचं बी भाजून मारतो. राखेतून पालाश देतो. तापलेल्या मातीतलं अडकलेलं नत्र रोपाला लवकर मिळतं, म्हणून रोप गर्द हिरवं आणि जोमदार येतं. आणि माती भुसभुशीत करतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सहकाऱ्यांना घेऊन राबाचा रीतसर अभ्यास केला होता, म्हणजे साहेबाच्या काळातही ही पद्धत कुणी हसण्यावारी नेली नव्हती. तुझे बाबा ती चारही कामं एका काडेपेटीत करतात. तू त्यांना काडेपेटी टाका म्हणतोस, पण त्या चार कामांचं काय, ते सांगत नाहीस. मग ते मका खायला पाठवणारच की.

म्हणून या वर्षी राब बंद करायचा विषय काढूच नकोस. राब लहान करायचा विषय काढ.

तो कसा, ते हिशेबानं सांगते. साधारण एकरभर आवणीला चार गुंठे रोपवाटिका लागते असं धरतात. तुमच्या दीड एकराला सहा गुंठे झाले, आणि सहा गुंठ्यांवर टहाळ-पातेऱ्याचा थर द्यायचा म्हणजे किती डोक्यांवरून किती भारे येतात ते तुला माहीत आहे. आता आवणीत बाया एका चुडात, म्हणजे एका जागी, रोपाच्या किती काड्या लावतात ते मोज. सहा, आठ, कधी दहा. त्याऐवजी दोन-तीन काड्या लावल्या तर रोप निम्मं लागतं, बी निम्मं लागतं, वाफा निम्मा होतो आणि टहाळही निम्म्यावर येतो. यात बाबांची पद्धत कुठंच मोडली नाही. फक्त तीन गुंठे भाजले. तुझ्या व्हिडिओंनी जेवढी झाडं वाचली नाहीत तेवढी एवढ्यानं वाचतील.

दोन-तीन काड्यांचं हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या भातशेतीसाठी जी चारसूत्री पद्धत बसवली, त्यातलं हे तिसरं सूत्र आहे. दोरीवर २५ आणि १५ सेंटिमीटरवर आळीपाळीनं खुणा करायच्या आणि खुणेवर चूड लावायचा. पहिलं सूत्र तर थेट तुझ्या भांडणावरचं औषध आहे: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, वरच्या चार-सात सेंटिमीटर मातीत मिसळायची. या राखेत सिलिका भरपूर, पालाशही असतो, रोप ताठ होतं. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की माती इतकी सुटी होते की रोप उपटताना राबाचीच आठवण यावी. दुसरं सूत्र गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत गाडायचं, त्यावर पुढे बोलू. चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं. चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. मुसळधार पावसात फेकलेला युरिया ओहोळानं दमणगंगेला जातो, खोल दाबलेली गोळी जागेवर राहते. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर घे, नाही मिळाल्या तर पहिली तीन सूत्रं तरी कर.

तूस कुठून आणायचं? घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, तिथं चौकशी कर. भट्टीतली तयार काळी राख मिळाली तर उत्तम. नुसतं तूस मिळालं तर घरी ढीग घालून आतून मंद पेटव, वरखाली करत राहा आणि काळं झालं की पाणी मारून विझव. पांढरी राख होऊ दिलीस तर फार जळलं. हो, ही पण आगच आहे. पण यात फांदी जळत नाही, गिरणीच्या मागचा उकिरडा जळतो.

तणाचं काम मात्र तूस करत नाही, हे बाबा तुला पहिल्याच दिवशी ऐकवतील आणि त्यांचं बरोबर असेल. त्याला एक उपाय असा, की वळवाच्या पहिल्या सरीनंतर वाफ्यात तण उगवू द्यायचं, दोन-तीन पानांवर आलं की खुरप्यानं उलटून टाकायचं आणि मगच गादीवाफा करून पेरायचं. सहा-आठ दिवस जातात, पण निम्मं तण तिथंच मरतं. दुसरा उपाय पुस्तकात फार छान दिसतो, मे महिन्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून चार-सहा आठवडे माती तापवायची. ओल्या म्हणजे पाणी घालून ओल्या. तुझ्या पाड्यावर मे महिन्यात आई हंडाभर पाण्यासाठी किती लांब जाते? तिला जाऊन सांग, की वाफ्याला पाणी पाहिजे. विहीर अगदी जवळ असेल तरच याच्या नादी लाग.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्रही तुझ्या कानावर येईल. त्यात चिखलणी नाही, आवणी नाही, कायमचे गादीवाफे असतात आणि बी थेट टोकायचं. मजुरी वाचते, माती सुधारते. पण नांगर सोडला की तणासाठी तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. तुमची खाचरं झिऱ्याच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याच्या, खाली असतील तर करून बघायला हरकत नाही. झिऱ्याच्या वर असतील तर मी करणार नाही, कारण तेच पाणी तुम्ही पिता.

आता इंगा. बी शोधू नकोस. माइक हँड्स यांनी होंडुरासमध्ये इंगाच्या ओळींची जी शेती उभी केली ती खरी आहे, चांगली आहे आणि तिथल्या दुखण्यावर नेमकी आहे. तिथं पाऊस वर्षभर थोडाफार चालूच असतो. माती आम्लधर्मी. जंगलातलं अन्न मातीत कमी आणि झाडांच्या अंगात जास्त. जंगल कापून जाळलं की राखेवर एक-दोन पिकं येतात, पावसानं राख आणि स्फुरद धुऊन जातं, शेतकरी पुढचा तुकडा जाळतो. इंगाचा जाड पाला हळू कुजतो, त्याखाली तण दबतं, मका तगतो. आपल्याकडं चार महिने आभाळ फाटतं आणि आठ महिने कोरडं जातं. आपली माती बेसॉल्टची, तिचं दुखणं वेगळं. ती उतारावरून चालत निघून जाते. आठ महिने पाणी न पिता जगणारं झाड पाहिजे, ते बाहेरून मागवायची गरज नाही.

गंमत म्हणजे होंडुरासकडचंच एक झाड तुझ्या तालुक्यात रस्त्याकडेला उभं असेल. गिरीपुष्प. त्याच्या बी-सालीनं उंदीर मरतात म्हणून त्याला उंदीरमारी म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेचं, तिथं कोकोच्या बागेला सावली द्यायला लावायचे, आपल्याकडं बांधावर रुळलं. फिलिपाइन्समध्ये मिंडानाओच्या उतारांवर १९७०च्या दशकात समपातळीवर अशाच शेंगवर्गी झाडांची दाट कुंपणं लावून मधल्या पट्ट्यात पिकं घेण्याची पद्धत उभी राहिली. कुंपणाशी माती अडत गेली आणि काही वर्षांत आपोआप पायऱ्या पडल्या. ही पद्धत मात्र तुझ्या वनपट्ट्यावर जशीच्या तशी उचलता येईल, कारण दुखणं तेच आहे, उतार आणि धो धो पाऊस.

समपातळी काढायला इंजिनिअर नको. दोन सारख्या काठ्या ‘ए’ अक्षरासारख्या बांध, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोन्ही पाय एकाच पातळीवर आले की दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर येते. तसं पाऊल टाकत जा आणि खुंट्या ठोकत जा. दर चार-पाच मीटरला एक ओळ. उतार फार नसेल तर थोडी लांब चालेल. त्या ओळीवर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात गिरीपुष्पाचे मीटर-सव्वा मीटरचे, अंगठ्याहून जाड फाटे लाव. वरच्या बाजूला मातीचा लहान बांध, मधल्या पट्ट्यात नागली, वरई, खुरासणी जे घेता ते घ्या. पण ओळी उतारावरून खाली नकोत, आडव्या.

फाटे लावताना बुडखा खाली, शेंडा वर. हसू नकोस. पहिल्या वर्षी मी शे-दीडशे फाटे वाटले, घाईत बायांच्या हातात दिले आणि पुढच्या कामाला गेले. पंधरा दिवसांनी एक आजी मला बांधावर घेऊन गेली. पंचवीस-तीस फाटे डोकं खाली पाय वर उभे. ‘तुझ्या झाडांना शीर्षासन शिकवलंस काय गं,’ म्हणाली. तेव्हापासून बुडाला तिरका काप आणि शेंड्याला सरळ काप घेऊन ठेवायचा. अंधारातसुद्धा हाताला कळतं.

पहिल्या वर्षी छाटू नकोस. दुसऱ्या पावसाळ्यापासून पाला मिळेल, तिसऱ्या वर्षी खाचराला पुरेल. चारसूत्रीत हेक्टरी तीन टन हिरवा पाला सांगितलाय, तुमच्या दीड एकराला अठराशे किलो झाला. ऐकायला फार वाटतं, पण बांधाच्या धारेनं दाट लावलं तर अवघड नाही. एकच पथ्य पाळ. गिरीपुष्प बांधावर ठेव, जंगलात नको. जंगलात त्याची गरज नाही, ते तिथलं नाही. पट्ट्याच्या वरच्या कडेला आंबा, हिरडा, शिवण, करंज, मोह, मानवेल असं आपलं काहीतरी घाल. केशर आंबा तुमच्याकडं येतो हे तुझ्या आजूबाजूला दिसतंच आहे, पण पहिली तीन उन्हाळी पाणी घालायची तयारी असेल तेवढीच कलमं लाव. दहा लावून दहा जगव. शंभर लावून फोटो काढणारे खूप झाले.

सादड्याचं बोलायचं राहिलं. तुमच्याकडं सादडा म्हणजे ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. दुसऱ्या भागात सादडा म्हटलं की काहींना अर्जुन आठवतो, म्हणून खुलासा केला. ऐन चिवट आहे, छाटलं तरी फुटतं. खांब झाला तो छाटल्यामुळं नव्हे, दरवर्षी शेंड्यासकट छाटल्यामुळं. बाबांना म्हण, की या वर्षी टहाळ निम्माच लागणार आहे, तर निम्मी झाडं सोडू. आणि उरलेल्यांचा शेंडा राखू. पुढच्या वर्षी पाळी बदलू. कुठली झाडं सोडायची ते त्यांनाच ठरवू दे. ते तुझ्यापेक्षा त्या झाडांना जास्त ओळखतात. वाघबारशीला वाघदेवाला नारळ देणारी माणसं आहेत ती, जंगल नको म्हणून तोडत नाहीत.

राब भाजताना वाफ्याभोवती दोन-तीन मीटर पट्टा झाडून साफ कर, सकाळी वारा नसताना पेटवा आणि विझेपर्यंत कुणीतरी थांबा. तुझं बोलणं बंद असलं तरी तिथं थांबायला काय हरकत आहे? पाण्याचा हंडा घेऊन बस. बापलेकाच्या अबोल्याला राबाशेजारची दुपार फार उपयोगी पडते, हे मी पाहिलंय.

वनरक्षकाचं काय? २००६च्या वनहक्क कायद्यानं तुम्हाला पट्टा मिळाला, म्हणजे ती जमीन कसायचा आणि पुढच्या पिढीला द्यायचा हक्क मिळाला. ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि पट्टा म्हणजे झाडं तोडायचा परवाना नव्हे. मेहुण्याला हे माहीत नसेल तर सांग, नाहीतर वनरक्षक पुढच्या वेळी नुसता दम द्यायला येणार नाही. त्याच कायद्यात गावाला सामूहिक वनहक्कही आहे, जंगल राखायचा आणि त्याचे नियम ठरवायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला. तुमच्या ग्रामसभेनं दावा केलाय का, मंजूर झालाय का, एवढं विचारून ये. झाला असेल तर टहाळ किती, कुठून, कुठल्या झाडाचा शेंडा राखायचा हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घेता येईल. मग वनरक्षकाशी तू एकटा भांडणार नाहीस, गाव बोलेल.

आणखी एक. घरातला पट्ट्याचा कागद काढून बघ. कायद्यानं तो नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. म्हणजे तुझ्या आईचं नाव त्यावर असायला हवं. तुझ्या सगळ्या पत्रात आई कुठंच नाही. सरपण ती आणते, पाणी ती आणते, आवणीला वाकते ती. गिरीपुष्पाच्या काटक्या चुलीला चालतात, घराजवळच्या बांधावरून मिळाल्या तर तिची जंगलातली एक खेप वाचते. हे तिला आधी सांग. मग बाबांना कसं समजवायचं याची काळजी तुला करावी लागेल असं मला वाटत नाही.

स्ट्रॉबेरीला माझा विरोध नाही. सुरगाण्यात लोकांनी ती जमवली आहे, सापुताऱ्याच्या वाटेवर टोपल्या दिसतात. पण तिला काय लागतं ते मेहुण्याच्या शेतात एक दिवस राहून बघ. सप्टेंबर-ऑक्टोबरात विकतची रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी. तोडलेलं फळ दोन दिवस थांबत नाही, गाडी आली नाही तर डोळ्यांदेखत पाणी सुटतं. तुझ्या उतारावर पाणी आहे का? नाही. खाली विहिरीला जे थोडं टिकतं ते वरच्या झाडांमुळं आणि गवतामुळं मुरतं. उतार मोकळा करून खाली स्ट्रॉबेरी लावायची म्हणजे टाकीला भोक पाडून नळ बसवण्यासारखं आहे. करायचीच तर विहिरीलगत पाच गुंठे कर, भाताच्या पाठोपाठ, पहिल्या वर्षी कर्ज न काढता. जमलं तर पुढच्या वर्षी दहा.

या आठवड्यात मात्र एकच काम कर. राब भाजायच्या आत बाबांकडून एक गुंठा मागून घे. त्यांना हवा तो कोपरा, पण शेजारी त्यांचा भाजलेला एक गुंठा पाहिजे. तुझ्या गुंठ्यात तुसाची राख, त्यांच्या गुंठ्यात राब. बी एकच, इंद्रायणी तर इंद्रायणी, पेरणी एकाच दिवशी. तुझं तण त्यांच्यापेक्षा जास्त येईल, आधीच सांगून ठेवते, तेव्हा खुरपायला तूच बस. जुलैत दोन्हीतलं रोप उपटायला त्यांना दे आणि बाजूला उभा राहा. मोबाइल घरी ठेव.

घोटीला राख आणायला जाशील तर पोती घरून ने आणि राख भरल्यावर वरून थोडं पाणी शिंपड. कोरडी नेलीस तर टेम्पोतून निम्मी उडून जाते, आणि उरलेली निम्मी ड्रायव्हरच्या शर्टावर.